पाठीवर लिहिलेलं ‘सप्रेम भेट’

पुरानंतर महाडचं आमचं वाचनालय पुन्हा उभं राहिलं, तेव्हा पहिली भेट दिली शेजारच्या ट्रकवाल्या चाचांनी. मुंबईतला जुना बंगला रिकामा करताना त्यांना मिळालेला ब्राँझचा दिवा. बुडाशी पॅरिसच्या कारखान्याचा ठसा. गुडघे टेकलेला, वाकलेला माणूस, डोक्यावर दिव्याची खोबण. फेटा आपल्याकडचा, जोडे तुर्की, कमरेला इजिप्तचं कमळ, बैठकीवर चिनी ड्रॅगन. पॅरिसच्या कारागिरानं अख्खी पूर्व एकाच माणसावर लादली होती. घडण मात्र अशी की नखंसुद्धा दिसत.

‘‘हा नोकर दारात ठेवायचा नाही,’’ मी वाचनालयाच्या समितीत म्हणाले. वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवलेली; गप्प बसणं जमत नाही.

‘‘अगं, दिव्यात कसलं राजकारण?’’ अध्यक्ष हसले. दिवा दारातच ठेवला गेला.

आमच्याकडे भेटवस्तू नावाशिवाय राहत नाही. पंखा असो की पातेलं, ‘यांजकडून सप्रेम भेट’ हवंच. पेंटरला सपाट जागा एकच सापडली: वाकलेली पाठ. तिथं लाल रंगात चाचांचं नाव.

ते मला पुसायचं होतं. पण मुसलमानाची भेट नाकारली असं गावात कुणी म्हटलं असतं, तर चाचांना ते लागलं असतं. म्हणून मी आधी त्यांच्याच घरी गेले.

‘‘माझा दिवा नको झाला काय गो तुला?’’

‘‘दिवा हवाय, चाचा. पण त्याच्या पाठीवर तुमचं नाव मालकासारखं दिसतं.’’

‘‘मग काय कपाळावर लिवायचं?’’

‘‘ट्रकच्या मागं पण हायच की तुमचं नाव,’’ चाची आतून म्हणाली.

चाचा हसले नाहीत. ‘‘सौदीत माझ्या शर्टावर पाठीमागं कंपनीचं नाव होतं,’’ ते म्हणाले. ‘‘किती धुतला तरी जाय नाय.’’ मग उठले. ‘‘चल. टर्पेंटाइन हाय घरात.’’

त्यांनी दिवा धरला, मी पाठ पुसली. अध्यक्ष धावत आले, ‘‘अहो, उद्या उद्घाटन!’’

‘‘होऊ दे की. नाव भिंतीवर घाला,’’ चाचा म्हणाले.

दिवा मी आत, वाचनाच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी माहितीची पाटी लावली: तो कुठं ओतला, त्याच्या अंगावर काय काय कुठलं आहे. शेवटचं वाक्य होतं, ‘असा माणूस कुठल्याच देशात नव्हता; ज्यांना नोकर हवा होता, त्यांच्या डोक्यात तो होता.’

अध्यक्ष म्हणाले, तेवढं वाक्य काढ.

मी काढलं नाही.