गौरम्माचे अठ्ठ्याहत्तर

सोलापुरात आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. वर्षाला इतके उत्सव, इतक्या जयंत्या, इतक्या मिरवणुका निघतात की डीजेच्या भिंतींना गोदामात धूळ खायलाही सवड मिळत नाही. खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात धरून आतल्या खोलीत जाऊन बसतात, आणि गल्लीतले शहाणे लोक ‘पोरांचा उत्साह आहे, चालायचंच’ म्हणून दार लावून घेतात. अशा शहरात राहून आवाज केल्याबद्दल सरकारी नोटीस मिळवायची, म्हणजे अंगात कर्तबगारीच पाहिजे. गौरम्मानं ती मिळवली. आवाज कसला, तर भाकरी थापण्याचा.

गौरम्मा मूळची मंद्रूपची. लग्न होऊन शहरात आली, तेव्हा नवरा मल्लप्पा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि मल्लप्पानं जी बाज धरली ती मरेपर्यंत सोडली नाही. शेजारीपाजारी हळहळायचे, पण हळहळण्यानं चूल पेटत नाही. गौरम्मानं माहेरून आणलेली लाकडी काठवट पुढ्यात ओढली आणि भाकऱ्या थापून विकायला सुरुवात केली. त्याला तीस वर्षं झाली. आता तिच्या पडवीत चार चुली आहेत आणि तिच्यासकट पाच बायका थापायला बसतात. पहाटे साडेचारला बसायचं, सव्वासहाला टेंपो येतो, आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतल्या सकाळच्या पाळीला तीनशे गरम भाकऱ्या जातात. तो टेंपो चुकला की दिवस बुडाला. त्या एका टेंपोवर पाच घरं चालत होती.

भाकरीचं तिचं एक शास्त्र होतं. पीठ चांगलं मळलेलं असेल तर थाप खणखणीत वाजते, असं ती म्हणायची. आवाज बसका आला की तव्याकडं पाठ असतानाही ती सांगायची, “दगडाबाई, पीठ मळलं न्हाय तू. कड फुटंल बग.” आणि कड फुटायचीच. नवी बाई आली की तिला आधी महिनाभर नुसतं ऐकायला लावायची. पाची जणींच्या थापा एका लयीत पडायला लागल्या की तिच्या कपाळावरची आठी जायची.

समोर तीन मजल्यांचं नवं घर झालं. घर अभिमन्यूचं. हा गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळ उत्सवाला बारा फुटांची डीजेची भिंत उभी करतं, तीही अध्यक्षांच्याच गॅलरीखाली. त्या दिवसांत अध्यक्षांची झोप मोडत नाही, कारण ते स्वतः भिंतीपुढं दोन्ही हात वर करून नाचत असतात. पण पहाटेच्या थापण्यानं मात्र त्यांना जाग येऊ लागली. डोकं दुखतं म्हणे. अर्धशिशी आहे म्हणे. रस्ता ओलांडून ‘मावशी, जरा त्रास होतो’ एवढं सांगायला मोठेपणा आड आला असावा, कारण त्यांनी सरळ लेखी तक्रार ठोकली.

तक्रार गेली ती पालिकेच्या आवाज आवरणाऱ्या पथकाकडं. कुठल्या झोनचं ऑफिस ते सांगत नाही. सांगून उपयोग काय, कुठल्याही ऑफिसात गेलात तरी टेबलामागं तोच माणूस बसलेला असतो. त्या पथकाकडं नियमांचं पुस्तक होतं, आवाज मोजायचं यंत्र होतं आणि मार्च तोंडावर आला तरी वर्षभरातल्या कारवाया शून्य होत्या. शून्यच असणार. डीजेला हात लावायचा तर पाठीला कणा लागतो. मंडळामागं नगरसेवक असतो, नगरसेवकामागं आमदार असतो आणि त्यांच्यामागं बदलीचा कागद तयार असतो. त्यामुळं वर्षभर यंत्र कपाटात आणि पथक टेबलाशी, दोघंही सुखात होती. वरून विचारणा झाली, कारवाया किती? नेमक्या त्याच आठवड्यात प्रतिष्ठित माणसाची, एका विधवा बाईविरुद्धची तक्रार हाताशी आली. पथकाच्या निरीक्षकांना, म्हणजे गुरुशांत साहेबांना, एकदम कर्तव्याची आठवण झाली.

साहेब आले दिवसा अकरा वाजता. तक्रार पहाटेच्या आवाजाची, पण ऑफिस साडेदहाला उघडतं, त्याला साहेब तरी काय करणार? भाकऱ्या केव्हाच कामगारांच्या पोटात गेल्या होत्या. चुली विझल्या होत्या. बायका पाय पसरून चहा पीत होत्या.

“तुमीच का गौरम्मा? चौकशी हाय जरा,” साहेब म्हणाले. “भाकरी कशी थापता ते करून दाखवा बरं.”

कशाची चौकशी, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि गौरम्माला वाटलं ते भलतंच. बचत गटांच्या चांगल्या कामाला सरकारी सर्टिफिकेट मिळतं, असं महेश्वरीनं तिला कधीतरी सांगितलं होतं. महेश्वरी सातवी शिकलेली, पाचजणींत तेवढीच शिकलेली, म्हणून तिचा शब्द खरा. परीक्षेलाच आलेत साहेब! गौरम्मा लगबगीनं उठली. चारही चुली पेटवल्या. पदर खोचला, बायकांना ओळीनं बसवलं आणि उकळत्या पाण्यात पीठ असं मळलं की जावयासाठीही कुणी मळलं नसेल.

साहेबांनी पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढलं. त्याच्या टोकाला काळ्या स्पंजाचा गोळा होता. ते त्यांनी काठवटीसमोर धरलं.

“जोर बडी!” गौरम्मा महेश्वरीला कानडीत म्हणाली. म्हणजे, जोरानं थाप.

आणि पाची जणींनी थापलं. तीस वर्षांत थापलं नसेल असं थापलं. पडवीचे पत्रे वाजायला लागले. गल्लीतली माणसं दारात आली. गौरम्माची भाकरी चंद्रासारखी गोल उतरली आणि तव्यावर टम्म फुगली. ती घाम पुसत साहेबांकडं वळली.

“किती पडलं?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“शंभरातलं?”

साहेबांची मान खाली होती. ते लिहीत होते.

“ह्या दगडाबाईचा हात ढिला पडला बगा, न्हायतर नव्वद पडलं असतं की.”

पंचनाम्यावर तिनं कानडीत सही केली. साहेबांना तसं जाऊ कसं द्यायचं, म्हणून दोन गरम भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि वर दही असं ताट वाढलं. साहेबांनी ते बोटं चाटून खाल्लं. त्यातला एक घाससुद्धा त्यांच्या घशात अडकला नाही. पुढं आठ दिवस गौरम्मा भेटेल त्याला सांगत सुटली होती, सरकारनं आपल्याला अठ्ठ्याहत्तर मार्क दिले म्हणून. समोरच्या गॅलरीतून अभिमन्यू हे ऐकत होता आणि मिशीत हसत होता.

मग नोटीस आली. महेश्वरीनं ती अडखळत वाचली. समोरचे अभिमन्यू यांचं डोकं दुखतं अशी तक्रार आहे, निवासी भागात रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत पंचेचाळीस डेसिबलच्या वर आवाज चालत नाही, आपल्याकडं अठ्ठ्याहत्तर भरला, सबब अमुक तारखेला दुपारी बारा वाजता हजर राहून म्हणणं मांडावं. गौरम्मानं ती दोनदा वाचायला लावली. नोटिशीचं तिला एवढं लागलं नाही. ज्या माणसाला आपण हातानं वाढलं, त्यानं ताटावर बसल्या बसल्या आपल्याविरुद्ध लिहून घेतलं, हे तिला लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

सुनावणीला ती धुतलेलं इरकल नेसून गेली. रात्रभर मनाशी घोळवलेलं म्हणणं होतं. साडेचारला का बसावं लागतं, सव्वासहाचा टेंपो, पाच घरं, सगळं. पण सुनावणी घेणारे मोठे साहेब खुर्चीत बसले आणि खालच्या रस्त्यानं कुठल्याशा मंडळाची मिरवणूक आली. टेबलावरचे पेपरवेट थरथरायला लागले. गौरम्मा बोलत होती, तिचे ओठ हलत होते. मोठ्या साहेबांनी कानामागं हात धरला, मग ‘कळत नाही’ अशी मान हलवली. शिपायानं खिडक्या लावल्या. काही फरक पडला नाही. गौरम्मा ओरडून बोलली तर साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

मिरवणूक जायला पाऊण तास लागला. तिला रीतसर परवानगी होती. तेवढ्यात मोठ्या साहेबांच्या जेवणाची वेळ झाली, आणि ते गेले.

आदेश चार दिवसांनी हातात पडला. सकाळी सहापूर्वी थापण्याचं काम करू नये. केल्यास काठवटी, तवे वगैरे साहित्य जप्त होईल. आणि वरच्या बाजूला एक ओळ होती, ती महेश्वरीनं वाचली आणि थांबली.

“काय लिवलंय?”

“सामनेवाले, म्हंजे आपण, हजर. त्यांचं काहीही म्हणणं न्हाय.”

दगडाबाई मोठ्यानं शिव्या द्यायला लागली. गौरम्मा मात्र आदेश आणून देणाऱ्या गुरुशांत साहेबांना एवढंच म्हणाली, “साहेब, तुमी हुतासा तितं. मी बोलत हुतो का न्हाय?”

“बोलत व्हता की,” साहेब म्हणाले. “पण ऐकू आल्याशिवाय लिहिता येत न्हाय. आन् मशीन घ्या आता भाकरीचं. हातानं कोण थापतंय ह्या जमान्यात?”

काठवट गेली तर हातात राहिलं काय? गौरम्मा सहाला बसू लागली. सव्वासहाला टेंपो यायचा आणि वीस-पंचवीस भाकऱ्या घेऊन जायचा. कारखान्यांना भाकरी पुरवणारा कंत्राटदार भला माणूस, त्यानं चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवसापासून टेंपो आला नाही. कारखान्यात मशीनची भाकरी सुरू झाली. कामगार ती अर्धी टाकून द्यायचे म्हणे, पण टाकलेल्या भाकरीचा आवाज होत नाही, त्यामुळं तिच्याबद्दल नियम नाही. दोन बायका दुसरं काम शोधायला गेल्या. गौरम्माला साडेचारला जाग यायचीच. ती उठून पडवीत काठवटीपुढं बसायची आणि हात मांडीवर ठेवून सहा वाजायची वाट बघायची. इतकं रिकामं तिला मल्लप्पा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

असा दीड महिना गेला आणि मंडळाचा उत्सव आला. एका संध्याकाळी अभिमन्यू रस्ता ओलांडून आला. हा रस्ता ओलांडता येतो, हे त्याला आता कळलं होतं.

“मावशी, उद्या महाप्रसाद हाय. गव्हाची गोड हुग्गी, आमटी आन् तुमच्या हातची भाकरी. सहाशे पायजेत. अकराला पंगत बसती.”

“सहाला बसून अकरापर्यंत तीन बायकांकडनं सहाशे हुत न्हायत.”

“मग तीनला बसा की! मीच सांगतोय म्हटल्यावर तक्रार कोण करणाराय? गुरुशांत साहेब तर उद्या पंगतीला पाहुणेच हायत आपले. चालतंय सगळं.”

दगडाबाईला वाटलं, आता ही काठवट उचलून ह्याच्या टाळक्यात घालणार. पण गौरम्मा म्हणाली, “बरं. बसतो.” अभिमन्यू खूश होऊन गेला. गौरम्मानं गेलेल्या दोघींना निरोप धाडून बोलावून घेतलं. पहाटे तीनला पाची जणी बसल्या आणि गल्लीला पुन्हा तो आवाज ऐकू आला. समोरच्या गॅलरीतलं दार उघडलं नाही. अर्धशिशी बहुधा रजेवर होती.

पंगत मांडवात बसली. पहिल्या ओळीत गुरुशांत साहेब. त्यांच्या ऑफिसनं त्या वर्षी मंडळाला ‘शिस्तबद्ध उत्सवा’चं प्रशस्तिपत्र दिलं होतं, ते स्टेजवर हार घालून ठेवलं होतं. लोक भाकरी मागून मागून घेत होते. आता सोलापुरात पंगत झाली आणि सत्कार झाला नाही असं होत नाही. अध्यक्षांना आपलं मन मोठं असल्याचंही दाखवायचं होतं. त्यांनी डीजे थांबवला, गौरम्माला स्टेजवर बोलावलं, टॉवेल आणि नारळ दिला. सत्कार झाला की दोन शब्द बोलायचे, हीही रीतच. बाई बोलून बोलून काय बोलणार, ‘धन्यवाद’ म्हणेल, अशा हिशेबानं त्यांनी तिच्या हातात माइक दिला.

गौरम्मानं माइक दोन्ही हातांनी धरला. तिचा आवाज बारा फुटांच्या भिंतीतून बाहेर पडला आणि पार चौकापर्यंत गेला.

“भाकरी ग्वाड लागली का?”

“व्हय!” मांडव ओरडला.

“ती पहाटे तीनला थापलीया. सहाच्या आदी थापायचं न्हाय, थापलं तर काठवट उचलून नेतो, असा सरकारचा हुकूम हाय मला. आवाजानं ह्या अध्यक्षांचं डोकं दुखतंय म्हणून तक्रार हाय. आमच्या पाच जणींचं काम गेलं. आन् ह्याच अध्यक्षांनी काल येऊन सांगितलं, तीनला बस म्हणून. माझं म्हणणं काय न्हाय, असं ऑफिसात लिवलंय. हाय माझं म्हणणं. उद्यापासनं आमी साडेचारला बसणार. काठवट न्यायची आसंल तर साहेबांनी पहाटं साडेचारला यावं, अकराला न्हाय. आन् नेताना, आज हितं जेवलेल्या सहाशे माणसांची नावं पण त्या कागदावर घालावी. नेम मोडलेली भाकरी समद्यांनी खाल्लीया.”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं, आणि मग अख्खी पंगत हसायला लागली. अभिमन्यूनं घाईघाईनं डीजेवाल्याला हात केला. भिंत पुन्हा दणाणली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

पहिल्या ओळीत गुरुशांत साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. मान खाली घातली, आणि वाढप्याला खूण करून आणखी एक भाकरी घेतली.