पायांना हात लावू न देणारे डॉक्टर

मेहकरच्या दवाखान्यात नोकरीला लागले त्या सकाळी मी डॉ. उत्तमराव अंभोरे यांच्या पाया पडायला वाकले. आमचे वडील कारकून, घरची शिस्त कडक. नव्या कामाच्या पहिल्या दिवशी मोठ्यांच्या पाया पडायचे हे अंगवळणी पडलेले. सरांनी दोन्ही पाय पटकन खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "सिस्टर, पायाले हात लावाचा असन तं जखम धुवाले लावा. तिकडे एक पेशंट बसेल हाय." बाकावर एक वृद्ध गृहस्थ टाचेला फडके गुंडाळून बसले होते. सरांची आणि माझी ओळख झाली ती त्या टाचेपाशी.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या सहवासातील आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. त्या लिहिते. पण आधीच सांगून टाकते की माझे चित्त आठवणींत नाही, सरांच्या उजव्या पायात आहे. त्या पायाच्या तळव्याला जखम झाली आहे. सरांना जुना मधुमेह आहे. जखम हाडापर्यंत गेली आहे का, याची तपासणी झाली. निकाल अजून हाती आलेला नाही. तो वाईट आला तर अंगठ्यावर निभावेल की पायावर बेतेल, हे कोणी सांगत नाही. ही खासगी गोष्ट मी सरांच्या परवानगीने लिहीत आहे. परवानगी कशी मिळाली तेही सांगेन. मी जात्याच काळजीखोर. सर चारचौघांत मला 'काळजीवाहू सरकार' म्हणून हाक मारतात. मी आजवर निष्कारण पुष्कळ काळज्या केल्या. ही निष्कारण नाही.

सरांनी आयुष्यभर काय केले, ते एका वाक्यात सांगता येते. त्यांनी लोकांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा भरल्या. आमच्या भागात पायात तुरीचे धसकट घुसते, कुऱ्हाडीचा निसटता घाव बसतो, नवी चप्पल चावते. त्यावर हळद, चुना, तंबाखू, जे हाताशी असेल ते दाबले जाते. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा जखमेला वास सुटलेला असतो. पूर्वी आम्ही आयोडीनचे पातळ औषध ओतायचो. निम्मे जखमेत, निम्मे फरशीवर. वाळून चिकटलेली पट्टी सोडताना पेशंट कळवळायचे, आणि पुढच्या खेपेला यायचेच नाहीत. पुढे सरांनी आयोडीनचा फेस आणला. बाटलीचे टोपण दाबले की तपकिरी फेस निघतो, जखमेच्या खाचाखोचांत जाऊन बसतो, ओघळत नाही. वर ठेवलेली पट्टी अलगद सुटते. मला तेव्हा भारी हायसे वाटले होते.

पण फेस म्हटला की आपल्याकडे साबण, आणि साबण म्हटला की धुऊन टाकायचा. डोणगावच्या बाजाराच्या दिवशी सर तिथे पट्ट्या बांधायला जात. तिथे येणारे कडूबा नावाचे शेतकरी आम्ही लावलेला फेस घरी गेल्या गेल्या पट्टी सोडून, बादलीभर पाण्याने स्वच्छ धुऊन काढत. जखम काही केल्या भरेना. शेवटी त्यांनीच हे मोठ्या अभिमानाने सांगितले. "साबन आंगावर ठेवते का कोनी, डॉक्टरसाहेब?" मला हसावे की रडावे कळेना. सर शांतपणे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "कडूबाभाऊ, न्हावी दाढीले फेस लावते, तो लगेच पुसते का? जरा दम धरू देते का नाही?" कडूबा विचार करून म्हणाले, "हाव, दम तं धरू देते." त्या दिवसापासून डोणगावात फेस कोणी धुतला नाही.

सर पेशंटला पुढची तारीख देत नसत, रंग देत. औषध जोवर तपकिरी आहे तोवर ते कामावर आहे. पांढरे पडले की त्याची ड्यूटी संपली, लगेच पट्टी बदलायची. तारीख विसरणारी माणसे रंग विसरली नाहीत. मात्र फेसावर सारी भिस्त ठेवू नका, हेही सर तितक्याच कडकपणे सांगत. रोहिणखेडहून लेकीकडे आलेल्या एक बाई हट्टाने तोच फेस मागत होत्या. सरांनी त्यांचा गळा पाहिला, थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का विचारले, आणि एवढ्या मोठ्या जखमेवरचे आयोडीन थायरॉइडला बाधेल म्हणून दुसरे औषध लावले. बाई रुसून गेल्या, तरी सर बधले नाहीत. सगळ्यांना त्यांचे सांगणे एकच असे: "फेस जंतू मारते. जखम भरते तुमच्या आरामानं. त्या पायावर भार देसान तं मी काय, कोनीच काही करू शकत नाई."

माझ्या आईला अंथरुणात पडून पाठीला जखम झाली, तेव्हा सर दर आठवड्याला आमच्या घरी येत. मी परिचारिका असून आईच्या पाठीकडे पाहायचा धीर मला होत नव्हता. सर येत, हात धुवत, आणि पट्टी बांधण्याआधी दोन आरसे धरून आईला तिचीच पाठ दाखवत. आई आधी नको नको म्हणे. सर म्हणत, "आपली जखम आपन पाह्यली पाहिजे, आजी. लपवली का ते सडते." पुढे आईच त्यांची वाट पाहू लागली आणि आरसे उशाशी तयार ठेवू लागली. जखम भरली. आईने हात जोडले. पाय धरायला वाकली नाही, कारण तोवर आमच्या सगळ्या घराला सरांचा नियम पाठ झाला होता. माणसाने माणसापुढे वाकायचे नाही, हे सरांच्या घरातले संस्कार. ते 'जय भीम' म्हणून हात जोडतात. आपल्याला जे येत असेल ते म्हणून आपणही हात जोडावेत, एवढीच त्यांची अपेक्षा.

हाच नियम या वर्षी आमच्या मुळावर आला. सरांच्या पायांशी कोणी वाकत नाही, म्हणून त्यांच्या पायांकडे कोणी पाहतही नाही. मेहकरच्या एप्रिलातल्या रणरणत्या उन्हात सर काळे मोजे आणि बूट घालून यायला लागले. एरवी त्यांच्या पायात बारा महिने साध्या चपला. कोणी म्हणाले, सत्काराची तयारी चालली आहे. मीही हसले. मग एके दिवशी एका पेशंटने लोखंडी स्टूल ओढले आणि स्टुलाचा पाय सरांच्या बुटावर चढला. पेशंट त्यावर बसलाही. आणि सर त्याच्याशी बोलतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

दुखले असते तर मी एवढी घाबरले नसते. मधुमेहात पायाची जाणीव गेली की काय होते, ते सरांनीच मला शिकवले आहे. पेशंट गेल्यावर मी दार लावले आणि म्हणाले, "सर, मोजा काढा."

"काई नाई वं. फेस लावून राह्यलो मी."

"मग दाखवायला काय झाले?"

मी खाली बसले आणि इतक्या वर्षांत प्रथमच सरांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय ओढून घेतला नाही. अंगठ्याच्या खाली, जिथे चालताना सारा भार येतो तिथे, खोल जखम होती. भोवतालची कातडी लाल, अंगठा सुजलेला. आणि वरचा फेस पांढराफटक पडला होता. केव्हापासून, ते सरांनाही सांगता येईना. "दिवसभर गर्दी राह्यते. पाहाचं राहून जाते," एवढेच ते म्हणाले. सर, रागावू नका, पण हे वाक्य दुसऱ्या कोणी आपल्यासमोर उच्चारले असते तर आपण त्याची काय गत केली असती?

अकोल्याच्या शल्यचिकित्सकांनी जखम साफ केली, औषधे सुरू केली आणि बजावले: या पायावर भार नाही, बसताना पाय वर, स्टुलावर. इथून खरी अडचण सुरू झाली. सत्काराला गावोगावची माणसे येणार. समिती सरांच्या घरी जमली तेव्हा ते म्हणाले, मी उभा राहून सगळ्यांना नमस्कार करणार. आम्ही म्हणालो, कार्यक्रम पुढे ढकलू. ते म्हणाले, लोकांनी कामे मागे ठेवून यायचे ठरवले आहे, ढकलायचे नाही. मग स्टुलावर पाय ठेवून बसा, असे म्हटल्यावर तर ते चिडलेच. "लोकायकडे तळपाय करून बसू? ज्यायले मी कधी पाया पडू देल्लं नाई, त्यायच्या तोंडासमोर पाय करू? मले जमनार नाई."

आम्ही सगळे हतबल झालो. तेवढ्यात सरांच्या पत्नी, आमच्या शोभावहिनी, आतून आल्या. त्या एरवी समितीच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या म्हणाल्या, "जिंदगीभर लोकायचे पाय मांडीवर घेतले तुमी. तवा त्यायनं अपमान मानला का? मंग तुमचा एक पाय लोकायनं पाह्यला तं काय बिघडते? का लोकायचाच पाय सडते, तुमचा नाई सडत?"

सर माझ्याकडे वळले. "सरकार, लिहून टाक पुस्तकात. सगळं लिही. मी लपवलं, हेही लिही. आधी सांगतलेलं बरं, म्हंजे कोनी राग धरनार नाई."

म्हणून हे लिहिले आहे. सरांच्या स्नेहीजनांना माझी हात जोडून विनंती आहे. सत्काराच्या दिवशी सर व्यासपीठावर उजवा पाय स्टुलावर ठेवून, तळवा आपल्याकडे करून बसलेले दिसतील. तो आपला अवमान समजू नये. हार घालायला कोणी त्यांना उभे करू नये. आणि कोणी जुने स्नेही दिसले म्हणून सर स्वतःच उठू लागले, तर पहिल्या रांगेतल्यांनी संकोच न करता दटावावे. मी शेजारीच असेन, पण माझे ते ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील.

सर, आपल्याला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, असे या ग्रंथात प्रत्येकाने लिहिले असेल. माझीही तीच प्रार्थना आहे, फक्त माझे एवढ्यावर समाधान होत नाही. आपण शंभर वर्षे जगा, आणि दोन्ही पायांनिशी जगा.