निबंधातले आबा

हिवाळा सरत आला की भोर-वेल्ह्याकडच्या दोन-चार मुलांचे तरी मला फोन येतात. "ताई, कॉलेजच्या अर्जाला निबंध जोडायचाय, जरा बघता का?" मी बघते. एका निबंधाच्या जोरावर मला पुण्याच्या मोठ्या खासगी कॉलेजात जागा मिळाली, फी आणि हॉस्टेल दोन्ही माफ, ही गोष्ट आमच्याकडे अजून शिळी झालेली नाही. मुलांचे कागद मी लाल पेनाने रंगवून टाकते. "हे तू लिहिलेलं नाहीस, मोबाईलने लिहिलंय," असं तोंडावर सांगते. माझं तोंड फटकळ आहे हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "ताई, तुमचा निबंध दाखवा ना, नमुना म्हणून." तो कुठेतरी हरवला, असं मी सांगते. तो हरवलेला नाही.

आम्ही पालीचे, राजगडाच्या पायथ्याचे. थोडी भातशेती आणि शनिवार-रविवार गडावर जाणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी. दहावीनंतर भोरच्या कॉलेजात जायचं म्हणून मी जवळच उत्रोलीला आत्याकडे राहिले. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, आबा तिला आक्का म्हणायचे आणि तिचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. अकरावी संपता संपता आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा कंपनीत, घरी ट्रॅक्टर, हुंडा नको. आबा मला भेटायला आले तेव्हा तिने विषय काढला. "बारावी झाली काय आन् न्हाई झाली काय, शेवटाला चूलच फुकायची हाय. चांगलं हाताशी आलंय, घालवू नगंस."

आबा म्हणाले, "आक्का, तिला शिकायचंय. मी न्हाई म्हननार न्हाई."

"मंग ठिव की तुज्या घरात. माज्या हितं कशाला ठिवलीस?"

दुसऱ्या दिवशी आबांनी माझी पेटी मोटरसायकलला मागे बांधली आणि मला भोरात एस.टी. स्टँडच्या मागे, मुलींच्या एका खोलीत नेऊन सोडलं. त्या वर्षी ते भाऊबीजेला उत्रोलीला गेले नाहीत. ताट वाढून आई नुसती बसून राहिली होती आणि आबा गोठ्यात काहीतरी करत होते, जे करायची काहीच गरज नव्हती. माझ्यासाठी त्या माणसाने बहीण तोडली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते सांगायला जीभ जड होते.

बारावीत असताना त्या कॉलेजचा अर्ज आला. मार्क होतेच, पण त्यांना निबंधही हवा होता. आयुष्यातला एक अडथळा आणि त्यावर तुम्ही कशी मात केली, असा विषय. मी पहिला निबंध लिहिला तो भाकऱ्यांचा. रविवारी किती माणसं येतील आणि शनिवारी किती पीठ दळून ठेवायचं, याचा अंदाज मी सातवीपासून बांधत आले होते. ढग, परीक्षा, जोडून आलेल्या सुट्ट्या, हे सगळं भिंतीवर कोळशाने मांडून. दोनदा अंदाज साफ चुकला होता आणि आठवडाभर आम्हीच शिळ्या भाकऱ्यांचा कुस्करा खाल्ला होता. लिहिताना मला मजा आली होती.

भोरात आमचे एक क्लासवाले सर होते. फॉर्म भरून द्यायचे, मराठीचं इंग्रजी करून द्यायचे. वाईट माणूस नव्हता, आमच्या दहा पोरांना त्यांनी मार्गाला लावलं. त्यांनी माझा कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"ह्यात संघर्ष कुठाय? भाकरी सगळेच थापतात. तिकडच्यांना मुलगी काय सोसून आली ते हवं असतं. घरातून विरोध होता का? लग्न लावत होते का?"

"आत्यानं स्थळ आणलं होतं."

"आत्या लांबची वाटते. वडील घाल."

एवढंच. "वडील घाल." आणि मी घातले. मला त्यात काही गैर वाटलंच नाही, हे आज कुणाला पटणार नाही. पण पाचवीपासून आम्ही निबंध लिहीत होतो ते असेच. 'माझा आवडता प्राणी' म्हणून अख्ख्या वर्गाने मोती नावाचा कुत्रा लिहिला होता. कुत्रा होता दोघांच्या घरी, आणि त्यातल्या कुणाचंच नाव मोती नव्हतं. 'मी पाहिलेला समुद्र' मी न पाहता लिहून पैकीच्या पैकी मार्क आणले होते. निबंध पाठ करायचा, सुवाच्य लिहायचा आणि द्यायचा. तो खरा असावा लागतो, असं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि पुण्याला गेलेला कागद गावात परत येतो, हेही नाही.

तर मी लिहिलं, की वडील शिक्षणाच्या विरोधात होते. आत्याचं चुलीचं वाक्य जसंच्या तसं उचलून आबांच्या तोंडी दिलं. पुस्तकं माळ्यावर टाकली, असंही लिहिलं. मी दोन दिवस जेवले नाही आणि मग ते नमले, असा शेवट केला. सरांनी त्याचं छान इंग्रजी केलं.

बारावीच्या परीक्षेला पंधरा दिवस होते. अभ्यासाच्या सुट्टीला मी पालीला आले होते. गुरुवारी कॉलेजातून फोन आला. अभिनंदन, तुझं नाव शेवटच्या यादीत आहे, रविवारी आमच्या मॅडम घरी येतील, घर बघतील आणि आई-वडिलांशी बोलतील. "निबंधात लिहिलंय त्याबद्दल तुझ्या वडिलांशी मुद्दाम बोलायचंय त्यांना," असं फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली.

आबांना फक्त मॅडम येणार एवढंच कळलं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शुक्रवारी नसरापूरला जाऊन कपबशांचा नवा सेट आणला. दाढी केली. आईला अंगण सारवायला लावलं. आल्यागेल्याला सांगत सुटले, "कालिजातनं मॅडम येनार हायत, पोरीला बघाया." मला दर तासाला विचारायचे, "च्या घेत्यात का कापी?" मी पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. खरं सांगितलं तर आबा काय म्हणतील? नाही सांगितलं आणि मॅडमनी विचारलं, तर आबा सरळ "छे छे, मी कवा अडवली?" म्हणतील आणि तिथेच सगळं आटोपेल. अर्जाखाली मी सही केली होती, माहिती खोटी निघाल्यास प्रवेश रद्द. ही जागा गेली तर दुसरी नव्हती. भोरातल्या खोलीतून गाशा गुंडाळून घरी यायचं आणि आत्याचं स्थळ अजून बिनलग्नाचंच होतं.

शनिवारी दुपारी आबा पाण्याच्या टाकीचा नळ बसवत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. इंग्रजीतलं मराठी करून, एकेक वाक्य. पुस्तकं माळ्यावर टाकल्याचंही सांगितलं. आबांनी हातातला पाना खाली ठेवला नाही, पण नळ फिरवायचा थांबवला.

मग त्यांनी विचारलं, "आन् आक्काचं काय लिवलंस?"

"काय न्हाई. आत्याचं नावच न्हाई त्यात."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "उगं तिचं नाव नगं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं. आई मात्र दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती शेणाच्या हातांनीच पुढे आली. "बापाच्या तोंडी ह्ये घालताना तुजा हात कसा झडला न्हाई गं? ज्यानं भैन सोडली तुज्यापायी..."

"तू गप ऱ्हा," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उद्या खोटं निघालं तर काय व्हईल?"

"नाव कापत्यात."

त्यांनी नळाचा आटा घट्ट केला, पाणी सोडून बघितलं, बंद केलं. ओले हात धोतराला पुसले. "मंग सांग मला नीट. काय काय म्हनलो मी? पयल्यापासनं सांग."

त्या दुपारी मी माझ्या बापाकडून माझा निबंध पाठ करून घेतला. ते भिंतीला टेकून बसले होते आणि मी समोर. मी वाक्य म्हणायचे, ते मागून म्हणायचे. "शेवटाला चूलच फुकायची हाय." पुन्हा. "मी म्हनलो, शेवटाला चूलच फुकायची हाय." चुकले की मी दुरुस्त करत होते, आणि करताना माझ्या आवाजात मास्तरीणबाईचा ताठा आला होता, तो मला आजही ऐकू येतो. माझी लाज मलाच वाटत नव्हती, एवढी मी घाबरले होते. किती दिवस उपाशी होतीस, हे त्यांनी तीनदा विचारलं. "दोन," मी म्हणत होते. "दोन," ते म्हणत होते. आई घरात भांडी आपटत होती.

रविवारी अकराच्या सुमाराला मॅडमची गाडी आली. चाळिशीच्या, साध्या, हसऱ्या बाई. मांडीवर फाईल, फाईलमध्ये माझा निबंध, त्यावर पिवळी खूण केलेली. त्यांनी घर बघितलं, आईच्या भाकरीचं कौतुक केलं, नव्या कपातून चहा घेतला. आई एक शब्द बोलली नाही. लाजाळू आहे असं मॅडमना वाटलं असावं. मग त्या आबांकडे वळल्या.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका. पण सुरुवातीला तुमचा हिच्या शिक्षणाला विरोध होता ना?"

"व्हय," आबा म्हणाले. शाळेत उभं राहिल्यासारखे हात बांधून बसले होते. "व्हता. मी म्हनलो, शेवटाला चूलच फुकायची हाय. पुस्तकं माळ्यावर टाकली. पोर दोन दिस जेवली न्हाई. मंग मला कळलं."

एका दमात म्हणून टाकलं. मॅडमनी मान हलवत लिहून घेतलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांनी पेन थांबवलं.

"पण का हो? का नको म्हणत होतात?"

हे आम्ही पाठ केलंच नव्हतं. निबंधात कारण नव्हतंच. बाप विरोध करतो म्हणजे करतो, त्याला कारण कशाला लागतं, असं सरांनाही वाटलं होतं आणि मलाही. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. अंगणात गडावरून उतरलेल्या कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. आबा काहीतरी शोधत होते. मुलीला शिकवू नये असं वाटायला एखाद्या बापाला काय कारण असू शकतं, ते त्या माणसाला सापडत नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता उठावं आणि सांगून टाकावं. तोंड उघडलंही मी.

"भ्या वाटत व्हतं," आबा म्हणाले. "लई शिकली की ती हितं न्हाई यायाची माघारी. यील, पर पावन्यावानी यील."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी ते वाक्य हळू हळू, एकेक शब्द करून लिहिलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. ते वाक्य आबांनी त्या क्षणी जुळवलं की ते आधीपासून त्यांच्या पोटात होतं, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. मॅडम निघताना आबांच्या पाया पडल्या. "तुमच्यासारखं मन बदलणं सोपं नसतं," म्हणाल्या. आबा संकोचून मागे सरकले.

पंधरा दिवसांत पत्र आलं. जागा मिळाली होती. जुलैत मला सोडायला आबा आले, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. नव्या मुलांच्या पालकांसाठी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. त्याच मॅडम स्टेजवर होत्या. त्यांनी आबांना वर बोलावलं. आम्हाला आधी काही सांगितलं नव्हतं. दोनशे माणसांसमोर आबा माईकपुढे उभे राहिले. मला वाटलं, आता नाही जमायचं यांना.

जमलं. चूल, माळा, दोन दिवस, सगळं ओळीने म्हणाले, कुठेही न अडखळता. शेवटी भीतीचं वाक्य मात्र त्यांनी घेतलं नाही. त्याऐवजी हात जोडून म्हणाले, "मी चुकलो व्हतो. तुमी कुनी चुकू नका." हॉल उठून उभा राहिला. माझ्या शेजारची मुलगी रडत होती. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

खाली आल्यावर त्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "बराबर बोललो न्हवं समदं?"

"व्हय, आबा."

"मंग आता ह्येच धरून ऱ्हायाचं. कुनी कवाबी इचारू दे. तू बी ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली. महिन्या-दोन महिन्यांनी पालीला जाते, रविवारी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते. जेवायला बसलेल्यांपैकी कुणीतरी माझ्याबद्दल विचारतंच, आणि आबा भाकरी वाढता वाढता सांगायला लागतात, की मीच हिला अडवत होतो, पुस्तकं माळ्यावर टाकली होती, लई आडानी होतो. लोक त्यांच्या पाठीवर थाप मारतात. आई तेवढ्या वेळापुरती उठून आत जाते.