तासाभराचं टोकन

हॉस्पिटलात त्यांना सगळे किल्लीदार म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा वगैरे काही नव्हता. मूत्रपिंडाची वाट बघणाऱ्या रुग्णांची यादी ज्या डेटाबेसमध्ये होती, त्याचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता, एवढंच. यादीचा प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. बावीस वर्षं तो पासवर्ड कोडच्या वरच्या ओळीत ठाण मांडून बसला होता. आणि गेली चार वर्षं त्या यादीत त्यांची ताई होती.

मग सुरक्षा विभागाचं फर्मान आलं: पासवर्ड हद्दपार. यापुढे प्रोग्रामने आपली ओळख पटवून टोकन घ्यायचं आणि ते दाखवून डेटाबेसशी जोडणी करायची. टोकन तासभर चालणार, मग नवं मागायचं. माणसांना ते मिळणार नाही, किल्लीदारांनाही नाही. प्रोग्राम बंद-चालू करायचा तरी सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी हवी. किल्लीदारांनी नाक मुरडलं आणि मुकाट्याने सही केली.

मंगळवारी सकाळी आठला त्यांनी बदललेला प्रोग्राम चालू केला. टोकन आलं, यादी उघडली, जुना पासवर्ड कायमचा बंद झाला. चाळीस मिनिटं त्यांनी यादी उलटसुलट करून पाहिली. कुठे खोट सापडेना. एरवी दिवसभर हलले नसते. पण मंगळवार ताईच्या डायलिसिसचा, आणि सुई टोचताना भावाचा हात हातात असल्याशिवाय तिला धीर येत नसे. ते चौथ्या मजल्यावर गेले.

सव्वादहाला नोंदणी कक्षातल्या बाईंचा फोन आला.

"किल्लीदार, अवयव केंद्राने कळवलंय. मूत्रपिंड आलंय, ताईंच्याच गटाचं. त्यांच्या तपासण्यांचे आकडे अर्ध्या तासात पाठवायचेत, नाहीतर ते पुढच्या हॉस्पिटलला विचारणार. आणि यादी उघडत नाहीये हो. नऊपासून हेच चाललंय. आम्हाला वाटलं, नेट गेलंय."

नऊ ऐकलं आणि त्यांनी मनात हिशेब केला. आठ ते नऊ, बरोबर एक तास. टोकन त्यांनी प्रोग्राम सुरू होताना एकदाच मागितलं होतं आणि वरच्या ओळीत, पासवर्डच्याच जागी, नेऊन ठेवलं होतं. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय! प्रोग्राम बिचारा शिळं टोकन दाखवत दारात उभा होता.

"ताई, आलोच," म्हणून ते धावत खाली गेले. प्रोग्राम बंद करून चालू केला की नवं टोकन मिळणार, हे त्यांना धावता धावताच कळलं होतं. पण परवानगी देणारा अधिकारी बैठकीत, फोन बंद करून. किल्लीदारांनी जुना पासवर्ड टाकला. तो मेलाय हे माहीत असूनही तीनदा टाकला. मग बैठकीच्या दारावर थापा मारल्या, आतून कुणीतरी थांबायला सांगितलं, ते थांबले. बावीस वर्षांत त्यांना तिथे कुणी थांबवलं नव्हतं.

अकराला पाच कमी असताना अधिकारी बाहेर आला. प्रोग्राम चालू झाला, यादी झटकन उघडली, ताईचे आकडे समोर दिसू लागले. बाईंनी केंद्राला फोन लावला, ऐकून घेतलं आणि किल्लीदारांकडे न बघता खाली ठेवला. मूत्रपिंड दुसरीकडे गेलं होतं.

ते जिन्याने वर आले. नर्सने ताईला सांगून टाकलं होतं.

"यादी उघडलीच नाही म्हणे," ताई म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीचा होता. "मी नर्सला म्हटलं, माझा भाऊ तिथे असता तर असं झालंच नसतं. माझंच चुकलं रे. दर वेळी तुला इथे बसवून ठेवते."

"ताई, ते टोकन मी..." त्यांनी सांगायला सुरुवात केली. ताईने हात पुढे केला. यंत्रावर अजून एक तास पन्नास मिनिटं बाकी होती. ते तिचा हात धरून बसले.