तानपुऱ्यामागून दिसलेल्या कुमुदताई

मैफलीत तानपुऱ्यावर बसणाऱ्याला दोनच कामं असतात. तारा छेडत राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवलं की किस्से साठतात, त्याला माझा इलाज नाही! गायकाला फुलं मिळतात, तबलजीला टाळ्या मिळतात, आणि मागे बसणाऱ्याच्या वाट्याला हे असलं काहीबाही येतं.

माझ्याकडचे बहुतेक किस्से कुमुदताईंचे. कुमुदताई माझ्या गुरू, आमच्या नाशिकच्या गायिका, आणि बंदिशी स्वतः बांधणाऱ्या. तबल्यावर कायम दत्तूकाका. मैफल भाऊसाहेबांच्या मंगल कार्यालयात, महिन्यातून एका रविवारी सकाळी. भाऊसाहेब मूळचे वणीकडचे द्राक्षबागायतदार. लग्नाची तारीख असली तरी रविवारची सकाळ ते गाण्यासाठी मोकळी ठेवायचे, आणि त्यावरून घरच्यांची बोलणी खायचे.

*

एकदा दत्तूकाका गावातल्याच द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकले. फोनवर नुसते हॉर्न ऐकू येत होते. इकडे सभागृह भरलेलं. ताई म्हणाल्या, "चला, आपण सुरू करू."

आणि त्यांनी तबल्याशिवाय आलाप धरला. एकेका सुरावर अशा रेंगाळल्या, की पुढचा सूर येणार आहे याची घाई कुणालाच राहिली नाही. अखेर घामाघूम झालेले दत्तूकाका मागच्या दाराने आले, तबला लावला, आणि मगच बंदिश सुरू झाली.

नंतर एक गृहस्थ डोळे पुसत पुढे आले. "ताई, आज आलाप काय खुलला हो!"

ताई म्हणाल्या, "द्वारकेच्या ट्रॅफिक पोलिसांना सांगा. त्यांनीच खुलवलाय."

*

दुसऱ्या एका रविवारी शेजारच्या लॉन्सवर हळद होती आणि तिथे डीजे. भिंती थरथरत होत्या. भाऊसाहेब तावातावाने गेले आणि मान खाली घालून परत आले.

"ताई, नाय ऐकत पोरं. त्यात नवरदेव माझ्याच भावकीतला हाय. लय अवघड झालं."

ताईंनी डोळे मिटून थोडा वेळ तो धिंगाणा ऐकला. मग माझ्याकडे वळल्या. "त्यांचा सा पेटीच्या काळी चारवर आहे. आपले तानपुरे तिथे आण."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्या ठाम होत्या. मी तानपुरे एका पट्टीने खाली उतरवले, दत्तूकाकांनी कपाळाला हात लावून तबला उतरवला, आणि ताई त्या डीजेच्या सुरात आपला सूर मिसळून गायल्या. नंतर डीजे बंद पडला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई चक्क म्हणाल्या, "आता जरा सुनं सुनं वाटतंय, नाही?"

*

हसण्याचे किस्से इथवरच होते.

ताईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन करायलाच हवं होतं. आवाजाची नस अगदी जवळून जाते, धक्का लागू शकतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी आणि दत्तूकाका शेजारी बसलो होतो. ताईंनी विचारलं, "खालचे सूर जातील की वरचे?"

डॉक्टर बिचारे गोंधळले. "बोलता येईल तुम्हाला. त्याची काळजी करू नका."

"बोलायचं काय घेऊन बसलात," ताई म्हणाल्या, "बोलतात सगळेच."

परतताना रिक्षात मला फार भीती वाटत होती.

*

ऑपरेशननंतर काही आठवडे सक्तीचं मौन. मी भेटायला गेले की ताई खुणेने चहा विचारायच्या. मौन सुटलं त्या दिवशी बसक्या आवाजातलं पहिलं वाक्य होतं, "जौनपुरी रागात नवी बंदिश झालीय."

मला भरूनच आलं. म्हटलं, "मला शिकवा. आत्ताच."

"आधी मैफलीत गाणार. मग शिकवणार."

हा त्यांचा नेम होता. बंदिश आधी श्रोत्यांसमोर स्वतः गायची, ती तिथे उभी राहिली तरच शिष्यांना द्यायची. लिहून द्यायची नाही, रेकॉर्ड करून तर मुळीच नाही. कितीतरी बंदिशी मैफलीत मनासारख्या उतरल्या नाहीत म्हणून त्यांनी टाकून दिल्या होत्या, आणि त्या पुन्हा कुणाच्या कानावर आल्या नाहीत.

दत्तूकाकांनी समजूत घालून पाहिली. "ताई, निदान मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवा. उद्याचं काय सांगावं?"

"गुणगुणलेली बंदिश म्हणजे न उकळलेला चहा," ताई म्हणाल्या. "तू पितोस का?"

काका जिन्यात येऊन मला म्हणाले, "हट्टी बाई आहे! बंदिश सोबत घेऊन जाईल, बघ तू." आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.

*

रियाज पुन्हा सुरू झाला. मी सवयीने तानपुरा काळी पाचवर लावला, ताईंची आयुष्यभराची पट्टी तीच. त्यांनी सा लावला आणि तो लागला नाही. मी न विचारता खुंटी थोडी सैल केली. त्यांनी तिथे पुन्हा सा लावला. पुढच्या वेळी स्वतःच म्हणाल्या, "अजून खाली घे." असं करत करत आम्ही काळी दोनपर्यंत आलो, म्हणजे जिथे पुरुष गातात तिथे.

इतक्या खालच्या सुराला तबलाही मोठ्या तोंडाचा लागतो. एक दिवस दत्तूकाका तसा तबला घेऊन आले. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"दत्तू, माझ्यासाठी बदललास?"

"छे हो! हल्ली बोटं दुखतात. मोठ्या तोंडावर बरं पडतं."

ताईंनी मान हलवली आणि सा लावला. काकांची बोटं उत्तम होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

*

आणि मग तो रविवार. भाऊसाहेबांनी सभागृहातले पंखेसुद्धा बंद करवले. घरघर मधे नको म्हणून लोकांनी घाम पुसत बसणं पत्करलं.

ताईंनी नवी बंदिश घेतली. तिचा पहिला भाग, स्थायी, खालच्या सुरांतला होता. आवाज खरखरीत होता, पण सूर जागेवर. मी मागे बसून त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. पुढचा अंतरा वरच्या सा वर जाणार हे स्थायीवरूनच कळत होतं, आणि मला तो नकोसा झाला होता.

ताई चढल्या. वरच्या सा पाशी आल्या, आणि नुसती हवा निघाली. काकांनी ठेका तसाच ठेवला. ताईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हवाच. भाऊसाहेब तोंडावर उपरणं धरून उभे होते. माझे डोळे वाहत होते आणि तारा छेडणं थांबवता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा ताईंनी तोंड उघडलंच नाही. डोळे मिटले आणि उजवा हात उचलला. हात सावकाश वर चढला, वरच्या सा वर जाऊन थांबला, तिथेच किंचित थरथरला. मग एकेका सुरावर टेकत खाली आला, एका ठिकाणी वळून पुन्हा अर्धा वर गेला, आणि तिथून घसरत नेमका समेवर उतरला. काकांची थाप त्याच क्षणी पडली.

"वाह!" अख्खं सभागृह एकदम बोललं.

ताईंनी डोळे उघडले. अर्ध्या मागे वळल्या आणि माझ्याकडे बघून त्या बसक्या आवाजात म्हणाल्या,

"झाली गाऊन. उद्या सकाळी ये, शिकवते."