मेलेल्याच्या नावाचं मत

अलिबागजवळच्या अक्षीचा अंबाजी भंडारी हत्तीला भ्यायचा आणि गाढवालाही भ्यायचा. आता अक्षीत हत्ती कुठून येणार? गाढवं म्हणाल तर कुंभाराकडची, तीही मरतुकडी. पण कुणी 'निवडणूक' म्हटलं की अंबाजीच्या तोंडून हे दोनच प्राणी निघायचे आणि कपाळाला घाम सुटायचा. त्याची बायको बायजा आळीभर सांगत फिरायची, "आमच्या घरात भागूबाई त्योच हाय, मी न्हाय!" लोक फिदीफिदी हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती.

अंबाजी आगबोटीवर खलाशी होता. सव्वीस सालच्या सुमारास सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्याला दोरखंडाने झोडपलं, तेव्हा अमेरिकेच्या एका बंदरात जो उतरला तो बोटीवर परत चढलाच नाही. कागद नाही, भाषा नाही, ओळखदेख नाही. एका खानावळीत बशा घासायला लागला. त्या मोहल्ल्यात डोलन नावाचा जाडजूड पुढारी होता, हत्तीवाल्या पक्षाचा. त्या देशात पक्ष मुख्य असे दोनच. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. शहरात ज्याचं राज्य त्याचाच शिपाई, त्याचाच झाडूवाला, कोर्टातला कारकूनही त्याचाच. डोलनने अंबाजीला खोली पाहून दिली, छाती भरली तेव्हा डॉक्टर आणला. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढं अंबाजीला इंग्रजी न येताही कळत होतं.

मग निवडणूक आली. डोलनच्या माणसाने त्याला मोटारीत घातलं आणि बजावलं, "आज तुझं नाव जोसेफ. विचारलं की तेच सांगायचं, आणि हत्तीवर फुली मारायची." अंबाजीने सांगितलं, फुली मारली, वर फुकटचं गरम सूप पिऊन आला. पुढे कधीतरी त्याला कळलं की जोसेफ हा त्याच गल्लीतला पाववाला, आणि तो केव्हाच मेलेला होता.

अरे देवा! अंबाजीचं धाबंच दणाणलं. पोलीस त्याला आठवलाच नाही, भीती वाटली ती जोसेफची. मेलेल्याचं नाव आपण स्वतःच्या जिभेने 'माझं' म्हणून सांगितलं, आता तो ते मागायला आल्याशिवाय राहत नाही. हसू नका, तुम्हा-आम्हालाही हेच वाटलं असतं. पुढच्या सर्वपित्रीला त्याने भाताचा पिंड वळला, वर दही घातलं आणि जोसेफच्या थडग्याशी ठेवून कावळ्याची वाट पाहत बसला. त्या मेल्या गावात कावळा काही शिवेना. कबुतरं आली, ती त्याने हाकलली. दर सर्वपित्रीला पिंड ठेवायचा, "बाबा, चुकी झाली" म्हणायचं, असा मग नेमच पडला.

बत्तीस साली हत्ती आपटला. राज्य गाढववाल्यांकडे गेलं आणि माणसं अशी फिरली की विचारू नका. डोलनला वाकून सलाम करणारे कोटाला गाढवाचा बिल्ला लावून हिंडू लागले. कबरस्तानातला राखणदारसुद्धा नवा आला. नव्या लोकांना डोलनला कोर्टात खेचायचं होतं, म्हणून मेलेल्यांच्या नावावर कोणी कोणी मतं दिली ते ते हुडकत होते. राखणदाराने खबर दिली, "एक परदेशी माणूस जोसेफला भात घालायला येतो." भात घालणारा त्या गल्लीत दुसरा कोण असणार? भर दुपारी गाढववाल्यांचे दोघे खानावळीत आले. "कोर्टात डोलनचं नाव घे, नाहीतर तुरुंगात जाशील." ते गेले न गेले तोच मागच्या दाराने डोलनचा माणूस आला. "नाव घेतलंस तर समुद्रात जाशील." इकडे आड तिकडे विहीर! अंबाजीने ओल्या हातांनी तसाच धक्का गाठला आणि कोळशाच्या एका बोटीत जाऊन लपला.

घरी पोचला तो हाडांचा सापळा होऊन. इतकी वर्षं बायजेला सांभाळलं होतं शेजारच्या धर्माजीने, सख्ख्या बहिणीसारखं. धर्माजीला मूलबाळ नव्हतं. छत्तीसच्या भादव्यात तो तापाने गेला, तेव्हा आग अंबाजीने दिली, पिंडही त्यानेच ठेवला. धर्माजीची बायको रंगू तेव्हापासून यांच्याच ओट्यावर बसून निवडण-टिपण करायची.

आणि सदतीस साली अक्षीत मुंबईच्या असेंब्लीची निवडणूक येऊन थडकली. एकीकडे खोताने उभा केलेला माणूस, दुसरीकडे कुळांच्या बाजूचे अलिबागचे विश्वंभर वकील. तेव्हा मत सगळ्यांना नसायचं, थोडीफार जमीन असलेल्याला असायचं; अंबाजीला स्वतःला मत नव्हतं. "सुटलो बाबा," म्हणून त्याने देवापुढे नारळ फोडला. पण एके सकाळी खोताचे कारभारी महादेवराव वाडीत आले. अंबाजी खोताच्याच वाडीत शिंपणं करायचा आणि त्याची झोपडीही खोताच्याच जागेत होती.

"काय रे अंबाजी, धर्माजीचं नाव यादीत तसंच राहिलंय," महादेवराव सहज म्हणाले. "तू जाऊन धर्माजी म्हणून मत देऊन ये. बाहेरगावचा साहेब, तुला कोण ओळखतो?"

अंबाजीच्या हातातला पोहरा खाली पडला. "रावसाहेब, त्येवडं सोडून काय बी सांगा. तुमच्या पाया पडतो."

"पाया पडू नकोस. घर कुणाच्या जागेत आहे ते आठव, म्हणजे झालं."

घरी येऊन त्याने बायजेला सांगितलं, तर ती म्हणाली, "अवो, येक नाव तर घ्यायचं! मेल्याला काय त्याचं? घर गेलं तर जायाचं कुटं?" बरोबरच होतं तिचं. पण अंबाजीला जेवण जाईना. रंगू ताट वाढून समोर सारायची, तर तो तिच्याकडे वर बघेना.

मतदान शाळेत होतं. रांगेत अंबाजी मागच्याला पुढे सोडत राहिला. टेबलाशी साहेब, एका बाजूला खोताची माणसं, दुसऱ्या बाजूला वकिलांची, अलिबागहून आलेली.

"नाव?" साहेबाने विचारलं.

अंबाजी मागे वळून दाराकडे बघू लागला. शेवटी महादेवरावच म्हणाले, "धर्माजी आहे हा, साहेब. जरा बुजतो."

"न्हाय!" अंबाजी किंचाळलाच. "धर्माजी मेला, साहेब! म्याच आग दिली त्येला. म्या अंबाजी, मला मत न्हाय!"

लोक पुढे म्हणायचे, अंबाजी काय वाघ निघाला! कसला वाघ घेऊन बसलात? खोतापेक्षा त्याला धर्माजीची भीती जास्त वाटली, एवढंच. शाळेतून तो पळत सुटला तो थेट घरात, आणि खोताची माणसं आता येतील, मग येतील म्हणून दाराआड बसून राहिला.

पण खोताचा माणूस पडला. विश्वंभर वकील निवडून आले, अक्षीत गुलाल उधळला, आणि कालपर्यंत खोताच्या ओसरीवर बसणारे वकिलांच्या गळ्यात हार घालायला धावले. वकिलांनी खोताला चारचौघांत सुनावलं, "अंबाजीच्या घराला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे." झोपडी वाचली. बायजेने साखर वाटली. अंबाजीला बऱ्याच दिवसांनी पोटभर भात गेला.

मग तालुक्याच्या लोकल बोर्डाची निवडणूक जवळ आली. वकिलांनी अंबाजीला अलिबागेला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आपल्या हाताने चहा दिला.

"अंबाजी, तू आपला माणूस," ते गोड बोलले. "या बोर्डाची यादी वेगळी असते बरं का. तीत धर्माजी अजून जिवंत आहे. खोत अशीच मेलेल्यांची मतं टाकतो, मग आपण का मागे राहायचं? या वेळी तू फक्त नाव सांग. खोताला मी गप्प बसवलाय, हे काही तुला सांगायला नको."

अंबाजी चहा न पिता उठला. घरी आला, पाठच्या भिंतीला शिडी लावली आणि छपरावरचे माडाचे झाप काढून खाली टाकू लागला.

बायजा ओरडत बाहेर आली. "अवो, येड लागलं काय? घर का मोडताव? खोतानं घर सोडाया सांगितलं की काय?"

"न्हाय," अंबाजी वरूनच म्हणाला. "ह्यो आपलाच वकील हाय, निवडून आल्याला. त्येला बी धर्माजीच पायजे. न्हाय म्हनलं की घर जानारच."

बायजा नवऱ्याला काहीतरी लागट बोलणार होती. तिने ओट्याकडे पाहिलं. रंगू सूप मांडीवर तसंच ठेवून या दोघांकडे बघत होती. तिच्यादेखत 'मेल्याला काय त्याचं' असं बायजेला म्हणवेना. मग ती पुढे झाली आणि पडलेले झाप एकावर एक रचून बांधू लागली.