उणे चाळीस

त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही, पण त्याचा दुपट्टा लक्षात आहे. अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरजवळ गाडीत इंजिनाचा दिवा लागला, म्हणून मी रस्त्यावरच्या गॅरेजात थांबले. मे महिना होता. त्यानं गाडीला स्कॅनर जोडला. उन्हात आकडे दिसेनात, म्हणून जुन्या फोटोग्राफरसारखा दुपट्टा डोक्यावरून स्कॅनरवर ओढून घेतला. आतून हसण्याचा आवाज आला.

"काकू, या उन्हात तुमचं इंजिन उणे चाळीस डिग्री दाखवून राह्यलं!"

"बिघडलं का?"

"इंजिन बरं हाये. सेन्सरची वायर तुटली. खबर पोचली नाही तं मशीन असंच थंडगार दाखवते. लय थंड दिसलं का मी आधी वायर पाहतो."

वायर जोडताच आकडा नव्वदावर गेला. बोनेटवर थाप मारून तो म्हणाला, "आता खरं बोलली."

गाडीत बसून मी पुण्याला मुलाला फोन लावला. नोकरी गेल्यापासून तो रोज एकच सांगतो. आजही तेच म्हणाला, "मस्त चाललंय, आई."

"बरं. मी उद्या येऊन राह्यली तुझ्याकडे."

तो हळूच म्हणाला, "आजच ये ना."